गोदेचा हिशेब नांदूरमध्यमेश्वरला

सिंहस्थ जवळ आला की नाशिकमध्ये रस्ते खणले जातात, निविदा निघतात आणि गोदावरी निर्मळ करण्याच्या घोषणांना पूर येतो. २००३च्या कुंभाआधी हेच झाले, २०१५च्या आधीही झाले आणि २०२७च्या पर्वण्यांच्या तयारीत पुन्हा होते आहे. या घोषणांमधली 'गोदावरी' बहुधा रामकुंडाच्या आसपासच्या घाटांपुरती असते. पर्वणीच्या दिवशी तिथले पाणी बरे दिसले की काम फत्ते झाले, असे धरून चालतात. नदी मात्र तिथून पुढे जाते. तपोवन, टाकळी, दसक-पंचक ओलांडून, वाटेत दारणेला पोटात घेऊन, चांदोरी-सायखेड्यावरून ती निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागे पसरते. नाशिक शहराने नदीत जे जे सोडले, त्याचा हिशेब सुमारे ४० किलोमीटर खाली, या पाणथळीत लागतो. गोदावरी सुधारली का, हे ज्याला खरोखर जाणून घ्यायचे असेल त्याने घाटावरून निघून तिथवर जायला हवे.

धरणाखालची नदी

गोदावरीचा उगम त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर. तिथून राजमहेंद्रीच्या पलीकडे बंगालच्या उपसागरापर्यंत तिची लांबी १,४६५ किलोमीटर. एवढ्या मोठ्या नदीचे हाल मात्र पहिल्याच गावात सुरू होतात. त्र्यंबक गावात तिच्या पात्रावर स्लॅब टाकून वरून वापर सुरू झाला आणि ती मोकळी करावी म्हणून प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठापुढे गेले. त्र्यंबकहून ती गंगापूर धरणात येते. नाशिकच्या नळाला येणारे पाणी प्रामुख्याने याच धरणाचे.

धरणाच्या खाली, सोमेश्वरच्या धबधब्यापासून रामकुंडापर्यंत, नदी दोन रूपांत भेटते. पावसाळ्यात विसर्ग वाढला की नाशिककर रामकुंडाजवळच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहतात. पाणी त्याच्या गुडघ्याला लागले की कमरेला, यावरून पुराचा अंदाज बांधण्याची इथली जुनी रीत आहे. २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षी त्या मारुतीने मोठे पूर पाहिले. पाऊस ओसरला की मात्र धरणाचे दरवाजे बंद होतात. त्यानंतर पात्रात वाहते पाणी येते ते आवर्तनाच्या वेळी: कधी पिण्यासाठी, कधी शेतीच्या कालव्यांसाठी, कधी पर्वणीसाठी. दोन आवर्तनांच्या मधल्या काळात तपोवनच्या खाली नदीत जे वाहते, त्यातला मोठा वाटा शहराच्या सांडपाण्याचा असतो.

नदीच्या आजाराचे अर्धे कारण या एका गोष्टीत आहे. प्रदूषणाची चर्चा आपण 'नदीत काय मिसळते' एवढ्यावरच करतो. ते कशात मिसळते, म्हणजे मुळात नदीत स्वतःचे पाणी किती आहे, हा प्रश्न मागेच राहतो.

शुद्ध केलेले पाणी किती शुद्ध?

नाशिक महापालिका स्थापन झाली १९८२मध्ये. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजारांवर पोहोचली होती आणि त्यानंतर शहर चहूबाजूंनी वाढतच गेले. एवढ्या वस्तीचे सांडपाणी तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक, गंगापूर अशा ठिकाणच्या मलनिस्सारण केंद्रांत जाते. एकट्या तपोवन केंद्राची क्षमता दिवसाला १३ कोटी लिटर आहे. पण नव्या वसाहतींची जोडणी जिथे झालेली नाही, जिथे वाहिनी फुटली किंवा पंप बंद पडला, तिथले पाणी नाल्यावाटे थेट नदीत उतरते. पावसाळी गटारीत मैलापाणी सोडण्याची सवय तर घरोघरची.

उपनद्यांची कहाणी याहून वाईट आहे. पंचवटीकडून वाघाडी येते, सातपूरकडून नासर्डी येते. नासर्डीचे जुने नाव नंदिनी. टाकळीला ती गोदावरीला मिळते. याच संगमावर समर्थ रामदासांनी पाण्यात उभे राहून बारा वर्षे तप केले, अशी परंपरा सांगते. आज त्या पाण्यात कुणी बारा मिनिटेही उभे राहणार नाही. सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींच्या परिसरातले नाले नासर्डीच्या खोऱ्यात येतात. धातूवर मुलामा देणाऱ्या छोट्या कारखान्यांसाठी सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची मागणी इथे वर्षानुवर्षे होत आली आहे. तपोवन आणि टाकळीच्या खाली पात्रात तरंगणारा पांढरा फेस वृत्तपत्रांच्या छायाचित्रांत ठराविक काळाने दिसतो.

आता केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या 'शुद्ध' पाण्याकडे पाहू. पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना जो प्राणवायू लागतो, त्याच्या मापाला बीओडी म्हणतात. नाशिकची जुनी केंद्रे लिटरमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा समोर ठेवून बांधली गेली. उन्हाळ्यात एक लिटर स्वच्छ पाण्यात प्राणवायू मावतो तोच सात-आठ मिलिग्रॅम. म्हणजे नियमात बसणारे, कागदावर शुद्ध असलेले एक लिटर पाणी स्वतःजवळच्या प्राणवायूच्या चौपट मागणी घेऊन नदीत उतरते. नदीत भरपूर वाहते पाणी असेल तर ती मागणी भागते. ते नसेल तर मासे मरतात. नियम न मोडताही नदी गुदमरू शकते, ती अशी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९मध्ये ही मर्यादा १०पर्यंत खाली आणण्याचा आग्रह धरला, त्यामागचे गणित हेच. नाशिकच्या जुन्या केंद्रांचे आधुनिकीकरण आणि क्षमतावाढ त्यासाठी अटळ झाली.

पाणवेलींचा मुक्काम

जुन्या केंद्रांमधली मुख्य प्रक्रिया हवेविना चालते. बंद टाकीत, मैल्याच्या थरातून सांडपाणी वर चढते आणि जिवाणू त्यातली घाण खातात. वीज कमी लागते, म्हणून ही पद्धत नव्वदच्या दशकानंतर देशभर लोकप्रिय झाली. पण सांडपाण्यातले नत्र आणि स्फुरद तिने फारसे निघत नाही. शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको, नत्र-स्फुरद म्हणजे खत. ते खत संथ पाण्यात गेले की पाणवेली माजतात.

मूळची दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती अनुकूल पाण्यात दोन आठवड्यांत दुप्पट होते. तिच्या गालिच्याखाली ऊन पोहोचत नाही, पाण्यातली शेवाळे प्राणवायू तयार करू शकत नाहीत, कुजलेली मुळे उरलासुरला प्राणवायू खातात आणि डासांची चैन होते. आनंदवलीपासून खालपर्यंत पात्रात जागोजागी पाणवेलींचा थर जमतो. महापालिका माणसे लावते, यंत्रे उतरवते, ट्रकच्या ट्रक भरून पाणवेली बाहेर काढते. पुढच्या मोसमात त्या परत येतात, कारण त्यांचे जेवण बंद झालेले नसते. पूर आला की शहरातला सगळा थर वाहत खाली जातो आणि सायखेड्याच्या पुलाला अडकतो. पाण्याला फुगवटा येतो आणि चांदोरी-सायखेड्याची बाजारपेठ पाण्यात जाते. नाशिकच्या संडासाचे पाणी आणि गंगथडीच्या गावांतला पूर यांचा संबंध इतका सरळ आहे.

गाळाने घडवलेले वैभव

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा बांधला गेला. हेतू साधा होता: पाणी कालव्यांत वळवून खालच्या अवर्षणग्रस्त मुलखाला द्यायचे. इगतपुरी-त्र्यंबकला दोन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर निफाडला पाचशेच्या आगेमागे. पर्जन्यछायेतल्या या कोरड्या प्रदेशात बंधाऱ्यामागे उथळ जलाशय तयार झाला. दोन्ही नद्यांनी आणलेला गाळ तिथे बसत गेला, त्याची बेटे झाली, बेटांवर पाणकणीस उगवले, पाणी ओसरलेल्या जागी गाळपेर सुरू झाली. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने हा साठवण क्षमतेचा तोटा होता. पक्ष्यांच्या दृष्टीने ते घर होते.

१९८६मध्ये इथे पक्षी अभयारण्य जाहीर झाले. चापडगाव, खाणगाव थडी, मांजरगाव, कोठुरे, कुरुडगाव ही गावे पक्षीनिरीक्षकांच्या तोंडी बसली आणि या जागेला 'महाराष्ट्राचे भरतपूर' म्हणू लागले. दिवाळीनंतर थंडी पडू लागली की थापट्या, तलवार बदक, तरंग, चक्रवाक असे पाहुणे उत्तरेकडून येतात. जांभळी पाणकोंबडी, चित्रबलाक, शराटी, चमचा, वारकरी यांचा राबता असतोच. जानेवारी २०२०मध्ये नांदूरमध्यमेश्वरला रामसर दर्जा मिळाल्याचे जाहीर झाले. आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून हा मान मिळवणारे महाराष्ट्रातले हे पहिले ठिकाण. लोणार आणि ठाण्याची खाडी नंतर आले. रामसरच्या नोंदीत इथल्या ५३६ प्रजातींचा उल्लेख आहे आणि त्यात एक खास नाशिकचा जीव आहे: 'देवळाली मिनो' या इंग्रजी नावाने ओळखला जाणारा छोटा मासा. १९३८मध्ये होरा आणि मिश्रा या शास्त्रज्ञांनी देवळालीजवळच्या दारणा नदीतून त्याचे प्रथम वर्णन केले. आज तो अतिसंकटग्रस्त आहे. वाघासाठी आपण मोर्चे काढतो. देवळालीच्या नावाचा हा मासा नाशिककरांनाच ठाऊक नाही.

पाणथळ नुसती पक्ष्यांची धर्मशाळा नसते. वाहते पाणी इथे रेंगाळते, गाळ खाली बसतो, पाणकणसाच्या मुळांभोवतीचे जिवाणू नत्र मोडून हवेत सोडतात, पुराचे पाणी आडवे पसरून त्याचा जोर कमी होतो. कोलकात्याच्या पूर्वेला सुमारे १२,५०० हेक्टरच्या पाणथळीत शहराचे सांडपाणी मत्स्यतळ्यांतून फिरवून शुद्ध होते आणि त्यावर मासळी व भाजी पिकते. ध्रुवज्योती घोष या अभियंत्याने त्या व्यवस्थेचे मोल जगापुढे मांडले आणि २००२मध्ये तिलाही रामसर दर्जा मिळाला. पण तिथे सांडपाणी उथळ तळ्यांत मोजून-मापून, उन्हाच्या हिशेबाने सोडले जाते. नाशिकचे पाणी नांदूरमध्यमेश्वरला असे कुणी मोजून सोडत नाही, ते येऊन पडते. वरून द्राक्षबागा आणि उसाच्या शेतांतून झिरपणारी खते आणि औषधे. मर्यादेपलीकडे ओझे टाकले तर पाणथळही पाणवेलीने भरलेले डबके होते. रामसरच्या नोंदीनेही पाणवेली, वाढते शहरीकरण आणि पाण्याचा उपसा हेच धोके म्हणून नोंदवले आहेत.

न्यायालय, काँक्रीट आणि लोक

सुधारणा झाली नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१२मध्ये गोदावरी गटारीकरण विरोधी मंचाच्या कार्यकर्त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेकडून उपाय मागवले, पात्रात कपडे आणि वाहने धुण्याला आळा घालायला लावला आणि महापालिका व प्रदूषण नियंत्रण मंडळाला वारंवार जबाब द्यायला लावला. नदी हा प्रशासनाच्या विषयपत्रिकेवरचा कायमचा विषय झाला, तो या खटल्यामुळे.

दुसरी लढाई काँक्रीटशी. रामकुंड १६९६मधले, त्याच्या आजूबाजूला लक्ष्मणकुंड, धनुष्यकुंड, सीताकुंड, दशाश्वमेध अशी कुंडांची माळ. २००३च्या सिंहस्थाआधी भाविकांच्या सोयीसाठी कुंडांच्या तळाला काँक्रीट घातले गेले. तळातले झरे बुजले आणि नदीचा भूजलाशी असलेला संबंध तुटला, असे म्हणत कार्यकर्ते न्यायालयात गेले. पुढे काही कुंडांच्या तळातले काँक्रीट काढण्यात आले. हे काम अर्धवट असले तरी महत्त्वाचे आहे. पात्र तळातूनही पाणी घेते, ही गोष्ट त्यामुळे निदान सरकारी कागदावर आली.

तिसरी गोष्ट लोकांची. 'देव द्या, देवपण घ्या' म्हणत विद्यार्थ्यांनी गणेश विसर्जनाच्या दिवशी गोदाकाठी मूर्तिदान सुरू केले आणि आता ते शहराच्या अंगवळणी पडले आहे. चापडगावात वन विभागाने गावातल्या तरुणांना पक्षी दाखवणारे वाटाडे म्हणून तयार केले. ज्याचे पोट पाणथळीवर आहे, तो तिची राखणही करतो.

आधी काय, नंतर काय

लंडनची थेम्स १९५७मध्ये जीवशास्त्रीयदृष्ट्या मृत मानली गेली होती. नंतरच्या दोन दशकांत लंडनने सगळी ताकद मैलापाणी प्रक्रिया केंद्रांवर लावली. मासे परतले आणि आज थेम्सच्या खाडीत शंभराहून अधिक जातींचे मासे नोंदले गेले आहेत. तरीही मुसळधार पावसात गटारे नदीत उलटत, म्हणून २५ किलोमीटरचा नवा बोगदा खोदला गेला आणि तो २०२५मध्ये पूर्णपणे जोडला गेला. थेम्स सुधारली ती या क्रमाने: आधी गटार, मग मासे, घाटाची शोभा सर्वांत शेवटी. गोदावरी सुधारण्याच्या 'नमामि गोदा'सारख्या योजनांमध्ये मात्र घाट, दिवे आणि सुशोभीकरण यांना पुढचे पान मिळते. तो क्रम उलटा करावा लागेल.

नाशिकपुरते बोलायचे तर चार कामे टाळता येणार नाहीत. एकही नाला प्रक्रियेविना नदीत उतरता कामा नये, नासर्डी आणि वाघाडीसह. केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या पाण्याने बीओडीची १०ची मर्यादा पाळावी आणि नत्र-स्फुरदही काढावे, नाहीतर पाणवेली उपसण्याचा खर्च संपणार नाही. शुद्ध केलेले पाणी उद्योगांना आणि एकलहऱ्याच्या वीज केंद्राला देऊन तेवढे धरणाचे पाणी वाचवावे. आणि वाचलेल्या पाण्यातून गंगापूर धरणाने नदीसाठी बारमाही थोडा प्रवाह सोडावा, आवर्तनाच्या आणि पर्वणीच्या पलीकडचा. शेवटचे काम सर्वांत अवघड आहे, कारण खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाच्या वाट्यावरून नाशिक आणि मराठवाड्याचे भांडण आधीच तापलेले असते. पण नदीच्या वाट्याचे पाणी जायकवाडीकडेच जाते, वाया जात नाही, हे दोन्ही बाजूंनी ध्यानात घ्यावे.

२०२७च्या पर्वण्यांत रामकुंडावर पाणी स्वच्छ दिसेल यात शंका नाही. धरणाचा दरवाजा उघडला की ते कुणालाही जमते. म्हणून नाशिककरांनी मागणी वेगळी करावी: सिंहस्थाच्या आधी आणि नंतर, दर महिन्याला, तपोवनच्या खाली, सायखेड्याच्या पुलाशी आणि नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यामागे पाणी तपासले जावे, आणि त्याचे आकडे महापालिकेने शहराच्या चौकाचौकांत फलकावर लावावेत. ते आकडे सुधारतील, तेव्हाच गोदावरी सुधारली असे म्हणू.