लक्ष्मीपूजनातले रुपये

दर दिवाळीला आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या तबकात चांदीचे तेवीस रुपये मांडले जात. आदल्या दिवशी आई ते चिंच आणि रांगोळीने घासून लख्ख करी. पुसून कोरडे करण्याचे काम आम्हां मुलांचे. गेल्या वर्षी ते विकण्याचे आईनेच ठरवले. घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि पहिले शुल्क भरायचे होते. सराफाने वजनावर भाव सांगितला. मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हणालो, ‘‘इंटरनेटवर संग्राहक याहून पुष्कळ देतील.’’

तबकातले दोन रुपये खास बडोद्याचे होते. एका बाजूस सयाजीराव महाराजांची छबी, दुसरीकडे देवनागरी अक्षरे व विक्रम संवत. संवतातून ५७ वजा केले की इसवी सन मिळतो. १९४९ म्हणजे १८९२. बाकीचे व्हिक्टोरिया राणी ते पंचम जॉर्ज. १९११ च्या रुपयावर राजाच्या पोषाखावरील हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून गहजब झाला होता आणि ती नाणी मागे घेऊन बहुतांशी वितळवण्यात आली. आमच्या तबकातले हत्ती, दुर्दैवाने, सगळे निर्दोष निघाले!

अस्सलपणाची परीक्षा घरीच करता येते. या रुपयाचे वजन ११.६६ ग्रॅम, त्यात ९१.७ टक्के चांदी. (१९४० पासून ती निम्म्यावर आणली गेली.) बाळांचा वजनकाटा इथे निरुपयोगी, सोनारी छोटा काटा आणला. त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा आणि टाके घालण्याच्या धाग्याने नाणे तळाला न टेकवता बुडवायचे. काटा १.१३ ग्रॅमच्या आसपास थांबला, तर घनता सुमारे १०.३ येते. तेवढ्याच वजनाच्या, मुलामा दिलेल्या पितळेचा आकडा बराच अधिक भरतो.

छायाचित्र घेणे मात्र रडणाऱ्या मुलाचा घसा तपासण्याइतके अवघड. समोरून फ्लॅश टाकला की चांदीचा आरसा होतो. दवाखान्यातील एक्स-रे पाहण्याची प्रकाशपेटी हल्ली बेकारच होती. तिच्यावर नाणे ठेवताच सावली नाहीशी झाली. वरच्या दिव्यापुढे बटर पेपर धरला, पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर मोबाईल आडवा ठेवला आणि महाराजांची छबी अशी काही उजळली, की मी स्वतःवरच खूश झालो.

नाणे एका निवृत्त शिक्षकांनी घेतले. आठवड्याने त्यांचा निरोप आला: ‘‘डॉक्टरसाहेब, नाणे अस्सल आहे, पण घासलेले आहे. छायाचित्रात ते दिसले नाही.’’

परत आलेले नाणे मी भिंगाखाली तिरप्या प्रकाशात फिरवले. रांगोळीचे असंख्य बारीक ओरखडे! बटर पेपरमधून येणारा मऊ प्रकाश ते झाकून टाकतो. अंगावर पुरळ असलेल्या मुलाला सदऱ्यासकट तपासून ‘त्वचा निर्मळ’ असा शेरा लिहावा, तसे मी केले होते. पैसे परत केले, सर्व नाण्यांची छायाचित्रे कागद काढून, दिवा कलता ठेवून पुन्हा घेतली आणि प्रत्येकाखाली ‘घासलेले’ असे लिहिले. किंमत जवळजवळ निम्म्यावर आली. त्याच शिक्षकांनी तेच नाणे पुन्हा घेतले.

आईने हे ऐकून विचारले, ‘‘म्हणजे मीच खराब केले होय रे?’’ गंधकामुळे चांदीवर चढणारी काळसर झाक संग्राहकांना प्रिय असते आणि ती निघाली की मोल उतरते, हे तिला कसे सांगावे ते मला सुचेना. लक्ष्मीला लख्ख रुपया लागतो, एवढेच म्हणालो.

परदेशातील एका गृहस्थाने दुसऱ्या बडोदा रुपयाला चांगली किंमत देऊ केली होती. परंतु शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावशेष ठरते. आपल्याला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. त्यांना नकार कळवला. शुल्कात कमी पडले ते आम्ही भावंडांनी घातले आणि तो रुपया घरीच राहिला. या दिवाळीत आईने तो चिंच-रांगोळीनेच घासला. पुसायला मी होतो.