धनुष्य घ्यायचं की फी साठवायची?

मुलांनो, शेगाव म्हटलं की आईबाबांना गजानन महाराजांच्या मंदिराबरोबर १९८३ साली सुरू झालेलं इंजिनिअरिंग कॉलेजही आठवतं. त्याच्या फीसाठी ते पै-पै जोडतात आणि तुम्हाला हवं असतं धनुष्य! हवंच. आपल्या बुलडाण्याच्या प्रथमेश जावकरने २०२३ साली हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्णपदक जिंकलं ना! पण त्याचं ते कंपाउंड धनुष्य लाखाच्या पुढे जातं. बांबूचं काही हजारांत मिळतं आणि नेम धरायला त्यावरच शिकतात. मग पहिली दोन-तीन वर्षं त्यावरच काढा की!

आईबाबा, पोस्टात दरमहा ५०० रुपयांचं आवर्ती खातं उघडलं, तर ५ वर्षांत मुद्दलच ३०,००० होते. ते कॉलेजचं. खेळाच्या सामानासाठी त्याला हात लावायचा नाही, अगदी पोरगं रुसलं तरी! ‘खेलो इंडिया’त निवड झाली की खेळाडूला महिना १०,००० रुपये खर्चाला मिळतात खरे, पण निवड मोजक्यांचीच होते. ते धरून हिशेब मांडू नका.

आणि मुष्टियुद्ध आवडतं? मग आगगाडीने जवळच, अकोल्याला, राज्य सरकारची निवासी क्रीडा प्रबोधिनी आहे. निवडचाचणी कधी असते, ते उद्याच पी.टी.च्या सरांना विचारा.