कॅम्पसमधल्या गर्दीत अडकलात तर काय कराल?

25 नोव्हेंबर 2023. कोचीच्या ‘कुसॅट’ विद्यापीठात टेकफेस्टमधला गाण्यांचा कार्यक्रम होता. अचानक पाऊस आला, बाहेर थांबलेले लोक आत घुसले आणि उतरत्या पायऱ्यांवर चेंगराचेंगरी झाली. चौघांचा जीव गेला.

अशा गर्दीत अनेकांचा मृत्यू तुडवल्यामुळे नाही, तर छाती दाबली जाऊन श्वास कोंडल्याने होतो. म्हणून हे लक्षात ठेवा:

▪ आत शिरतानाच बाहेर पडायचे दरवाजे बघून ठेवा.
▪ दोन्ही हात छातीपुढे धरा.
▪ धक्का आला तर उलट ढकलू नका. जोर ओसरला की तिरकं सरकत कडेला जा.
▪ मोबाईल पडला तरी वाकू नका.
▪ पडलात तर कुशीवर वळून डोकं झाका.
▪ बाहेर आल्यावर 112 ला फोन करा.