अरेना बंद, सीझन चालू: तीन कॉलेज टीम्सच्या ‘स्लॉट बी’ची गोष्ट

पूर्वी अँड्रॉइड फोनवर मोठं अपडेट आलं की काय व्हायचं आठवतंय? फोन रीस्टार्ट व्हायचा, स्क्रीनवर तो हिरवा रोबोट यायचा, टक्केवारी मुंगीच्या पावलांनी सरकायची आणि तोवर हातातला फोन म्हणजे नुसती वीट. आता बऱ्याच फोनमध्ये तसं होत नाही. तुम्ही रील्स बघत असता, अपडेट मागे गुपचूप बसत असतं.

हे शक्य होतं कारण अशा फोनमध्ये सिस्टिमच्या दोन जागा असतात, स्लॉट ए आणि स्लॉट बी. तुम्ही ए वापरत असताना नवीन व्हर्जन बी मध्ये लिहिलं जातं. रीस्टार्ट केलं की फोन बी वरून सुरू होतो, आणि काही बिघडलंच तर परत ए वर जातो. गूगलने ही पद्धत २०१६ साली अँड्रॉइड ७ सोबत आणली. तिची किंमत म्हणजे दुसऱ्या स्लॉटसाठी स्टोरेजमध्ये जास्तीची जागा लागते.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. चालू सिस्टिम बंद न करता ती बदलणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे हाच प्रश्न सिमेंट-काँक्रीटमध्ये कसा सोडवतात याचं मला फार कुतूहल. त्याचं माझं आवडतं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २०१७-१८ च्या कॉलेज बास्केटबॉल सीझनमध्ये तीन मोठ्या युनिव्हर्सिटींची घरची अरेना एकाच वेळी नूतनीकरणासाठी बंद होती. फिलाडेल्फियाजवळची विलानोव्हा, ओहायोमधली सिनसिनाटी आणि टेक्सासमधली ह्यूस्टन. खर्च अनुक्रमे साधारण ६.५ कोटी, ८.७ कोटी आणि ६ कोटी डॉलर.

सुट्टीत का नाही उरकत?

पहिला प्रश्न हाच पडतो. सीझन नोव्हेंबरात सुरू होतो आणि एप्रिलच्या सुरुवातीला संपतो. मधले सहा-सात महिने अरेना रिकामंच, मग तेव्हा काम का करायचं नाही?

रंगरंगोटी, खुर्च्या, स्क्रीन एवढंच असेल तर जमतं. पण या तिन्ही ठिकाणी प्रेक्षकांच्या बसण्याची रचनाच बदलायची होती. ह्यूस्टनचं हॉफहाइन्झ पॅव्हिलियन १९६९ चं, विलानोव्हाचं १९८६ चं, सिनसिनाटीचं १९८९ चं. जुन्या पायऱ्या फोडायच्या, नव्या ओतायच्या, त्यानंतर एसी, वायरिंग, नेटवर्क, आग विझवण्याची यंत्रणा. यातलं एकेक काम आधीच्या कामावर अवलंबून असतं, आम्ही त्याला डिपेन्डन्सी म्हणतो. काँक्रीट वाळल्याशिवाय खुर्ची बसत नाही, आणि दुप्पट माणसं लावली म्हणून ते निम्म्या वेळात वाळतही नाही. शिवाय फोनसारखं मागे जाता येत नाही. एकदा पायऱ्या फोडल्या की स्लॉट ए संपला. म्हणून आख्खा सीझन बाहेर काढायचा असं ठरतं, आणि दुसरी जागा शोधणं सुरू होतं.

गंमत म्हणजे एवढा खर्च करून खुर्च्या वाढल्या नाहीत, उलट कमी झाल्या. सिनसिनाटीत १३,१७६ वरून १२,०१२, ह्यूस्टनमध्ये ८,४७९ वरून ७,१००. पाय पसरायला जागा, कोर्ट नीट दिसणं आणि महागडी तिकिटं यांचं गणित पूर्वीपेक्षा वेगळं झालंय.

स्लॉट बी कुणाचा?

विलानोव्हाच्या मुलांच्या टीमला वेल्स फार्गो सेंटर मिळालं. एनबीएमधल्या सेव्हन्टीसिक्सर्सचं हे घर, वीस हजारांच्या आसपास क्षमता. विलानोव्हा दरवर्षी तिथे काही मॅचेस खेळायचीच, त्यामुळे ओळखीचं. पण तिथेच फ्लायर्स ही आइस हॉकी टीमही राहते. सिक्सर्सच्या ४१ घरच्या मॅचेस आणि फ्लायर्सच्याही ४१, म्हणजे प्लेऑफ आणि कॉन्सर्ट धरायच्या आधीच ८२ तारखा गेल्या. उरलेल्या फटींमध्ये कॉलेजच्या मॅचेस बसवायच्या, त्याही समोरच्या टीमचा प्रवास आणि टीव्हीची वेळ सांभाळून.

कॉम्प्युटर सायन्समध्ये याला कन्स्ट्रेंट सॅटिस्फॅक्शन म्हणतात. काही अटी मोडताच येत नाहीत (एका वेळी एका हॉलमध्ये एकच मॅच), काही शक्यतो पाळायच्या असतात (परीक्षेच्या आठवड्यात मॅच नको). तारखा थोड्या असतील तर कागदावर जमतं. टीम्स वाढल्या की एक तारीख हलवली तरी दहा हलतात. कॉलेजच्या गॅदरिंगचं टाइमटेबल ज्यांनी लावलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

हॉलसुद्धा रोज रूप बदलतो. बास्केटबॉलचं कोर्ट म्हणजे मेपल लाकडाच्या सुट्या पॅनल्सची जमीन. खालचा बर्फ तसाच ठेवतात, त्यावर उष्णता अडवणारे तक्ते टाकतात आणि वर ही पॅनल्स एकमेकांत अडकवत नेतात. कॉलेज आणि एनबीएच्या कोर्टाचा आकार एकच, ९४ बाय ५० फूट. फक्त थ्री-पॉइंटची रेघ वेगळी: तेव्हा कॉलेजची २० फूट ९ इंच, एनबीएची समोरून २३ फूट ९ इंच.

ह्यूस्टनला जागा शेजारीच मिळाली. टेक्सास सदर्न युनिव्हर्सिटीच्या एच अँड पीई अरेनात मुलं आणि मुली दोन्ही टीम्स गेल्या. टेक्सास सदर्नच्या स्वतःच्या दोन टीम्स होत्याच, म्हणजे एका हॉलमध्ये चार टीम्स. इथे एक गोष्ट कामी आली. ह्यूस्टनने सरावासाठी वेगळी इमारत २०१६ मध्येच बांधून ठेवली होती. विलानोव्हाकडेही सरावाची जागा कॅम्पसवर वेगळी होती. म्हणजे हलवायच्या होत्या त्या फक्त मॅचेस, रोजचा सराव नाही. चांगल्या सॉफ्टवेअरमध्येही अशीच कामं आधीपासून वेगळी ठेवतात, म्हणजे एक भाग काढला तरी बाकीचं चालू राहतं.

सिनसिनाटीच्या मुलांना ओहायो नदी ओलांडून दुसऱ्या राज्यात जावं लागलं, केंटकीतल्या नॉर्दर्न केंटकी युनिव्हर्सिटीच्या बीबी अँड टी अरेनात.

आणि मुली?

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट ही. सिनसिनाटीची मुलांची टीम नऊ हजारांहून जास्त लोक बसतील अशा हॉलमध्ये खेळत होती, तेव्हा मुलींची टीम सेंट अर्सुला अकॅडमी या मुलींच्या हायस्कूलच्या जिममध्ये खेळत होती. हे एकटं उदाहरणही नाही. २०१५-१६ मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेटचं रेनॉल्ड्स कोलिझियम बंद होतं, तेव्हा तिथल्या मुलीही ब्रॉटन हायस्कूलमध्ये खेळल्या. विलानोव्हाच्या मुली निदान कॅम्पसवर राहिल्या, १९३२ साली बांधलेल्या जेक नेव्हिन फील्ड हाउसमध्ये.

याचं उत्तर ठरलेलं असतं: मुलींच्या मॅचला प्रेक्षक कमी, मग मोठ्या हॉलचं भाडं कशाला? हिशोब म्हणून बरोबर वाटतं. पण अमेरिकेत १९७२ पासून टायटल नाइन हा कायदा आहे. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलामुलींत भेदभाव करता येत नाही. खेळात समान संधी आहे की नाही हे बघताना सरावाची आणि मॅचची जागा, लॉकर रूम या गोष्टीही धरतात. यापैकी कुणी कायदा मोडला असं मी म्हणत नाही. पण साधन कमी पडलं की कुठलं काम आधी आणि कुठलं मागे, हे सिस्टिम स्वतः ठरवत नाही, कुणीतरी माणूस ती प्रायॉरिटी लिहितो. ह्यूस्टनने दोन्ही टीम्स एकाच हॉलमध्ये ठेवल्या, म्हणजे दुसरा मार्ग होता.

घर नसताना खेळ कसा झाला?

अपेक्षा अशी की घर सुटलं की खेळ ढासळणार. झालं उलटंच. ह्यूस्टनच्या मुलांनी उधारीच्या हॉलमध्ये १५ पैकी १५ मॅचेस जिंकल्या. सिनसिनाटीने सीझनमध्ये ३१ जिंकल्या, ५ हरल्या. त्यांची घरच्या मैदानावरची सलग ३९ विजयांची मालिका फेब्रुवारीत विचिटा स्टेटने तोडली, ती केंटकीतच. मार्च २०१८ मध्ये त्यांच्या कॉन्फरन्सच्या स्पर्धेची फायनल या दोन बेघर टीम्समध्येच झाली आणि सिनसिनाटीने ती ५६-५५ अशी एका पॉइंटने जिंकली. पुढे राष्ट्रीय स्पर्धेत मिशिगनने ह्यूस्टनला शेवटच्या क्षणाच्या थ्री-पॉइंटरवर ६४-६३ हरवलं, आणि त्याच मिशिगनला फायनलमध्ये ७९-६२ हरवून विलानोव्हा चॅम्पियन झाली.

यावरून ‘घर सोडलं की टीम चांगली खेळते’ असा निष्कर्ष काढू नका. टीम्स मुळातच तगड्या होत्या, आणि तीन उदाहरणं म्हणजे डेटा नव्हे. विलानोव्हा त्या मोठ्या हॉलमध्ये सेंट जॉन्सकडून हरली होती, आणि सेंट जॉन्सने तोवर कॉन्फरन्समधली एकही मॅच जिंकलेली नव्हती.

डेटा आहे तो वेगळंच सांगतो. रिचर्ड पोलार्ड यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तर अमेरिकेतल्या बेसबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकीच्या अशा ३७ टीम्स तपासल्या, ज्या त्याच शहरात नव्या स्टेडियममध्ये गेल्या होत्या. पहिल्या सीझनमध्ये घरच्या मैदानाचा फायदा कमी झालेला दिसला. म्हणजे गर्दी आपलीच असली तरी जागेची सवय हीसुद्धा एक गोष्ट आहे. रिंगमागे काय दिसतं, उजेड कुठून येतो, आवाज कसा घुमतो, हे खेळाडूच्या डोक्यात साठलेलं असतं. आमच्या भाषेत कॅशे. नव्या जागी ती रिकामी असते.

मग नवीन अरेना उघडली तेव्हा काय झालं? ह्यूस्टनचं काम लांबलं. नोव्हेंबर २०१८ मध्येही शेजाऱ्यांकडेच खेळावं लागलं आणि १ डिसेंबरला फर्टिटा सेंटर उघडल्यावर त्यांनी ओरेगनला ६५-६१ हरवलं. सिनसिनाटी नव्या घरातली पहिलीच मॅच ओहायो स्टेटकडून ६४-५६ हरली. चॅम्पियन विलानोव्हा पहिली मॅच जिंकली, पण आठवड्याभरात मिशिगन तिथे आली आणि त्यांना त्यांच्याच कोऱ्या करकरीत अरेनात ७३-४६ असं धुऊन गेली.