भाग्यवंत ‘सिली’

गणितात वजाचं चिन्ह राहून गेलं की मुलं म्हणतात, ‘सिली मिस्टेक झाली.’ हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये हाच शब्द कानावर पडला असता, तर तो आशीर्वाद वाटला असता! जुन्या इंग्रजीत त्याचं रूप ‘सॅलिग’ असं होतं. अर्थ: सुखी, भाग्यवान, देवाची कृपा लाभलेला. त्याचा जर्मन भाऊबंद ‘सेलिग’ अजून तिथेच, त्या उंचीवर आहे. दिवंगत वडिलांचा उल्लेख करताना, आपण ‘कैलासवासी’ म्हणतो तसा, तो जुन्या वळणाच्या जर्मनमध्ये येतो.

मग इंग्रजीत हा घसरला कसा? पायरीपायरीनं. देवाची कृपा असलेला माणूस निष्पाप. निष्पापाला कुणीही फसवतं, म्हणून तो बिचारा. बिचारा म्हणजे दुबळा, आणि दुबळा म्हणजे अकलेनंही दुबळा. सोळाव्या शतकापर्यंत ‘सिली’ मूर्ख ठरला. एकेक पायरी पाहिली तर कुठेच उडी नाही, आणि मला थक्क करतं ते हेच.

तरीही तो शब्द मवाळ राहिला. ‘स्टुपिड’ लागतो, ‘सिली’ लाडानंही म्हणता येतं. फलंदाजाच्या अगदी पुढ्यात, वेडं धाडस करून उभं राहायच्या जागेलाही ‘सिली पॉइंट’ हेच नाव मिळालं.

‘नाइस’चा प्रवास नेमका उलटा. लॅटिनमधल्या ‘अजाण’ अर्थाच्या ‘नेस्कियुस’पासून तो आला. तेराव्या-चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत तो मूर्खाला लावत; आज तो कौतुकाचा शब्द आहे.

पण खरं नवल आपल्याकडे आहे. ‘देवानांप्रिय’, देवांचा लाडका, हे बौद्ध सम्राट अशोकाचं बिरुद. व्याकरणाच्या जुन्या वार्तिकात, म्हणजे सूत्रांवरच्या टिपणात, हा शब्द येतो तो फक्त समासाच्या नियमासाठी. पुढे सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांच्या ‘सिद्धान्तकौमुदी’त मात्र त्याला अर्थ चिकटलेला दिसतो: मूर्ख! काही अभ्यासकांना यामागे बौद्धांविषयीचा आकस दिसतो. असेलही. पण ‘सिली’ तर कुणाच्याही आकसाशिवाय त्याच वाटेनं गेला, म्हणून मला हे कारण पुरेसं वाटत नाही. आपला ‘भोळा’ही त्याच वाटेवर आहे: शंकराला लावला की भक्ती, शेजाऱ्याला लावला की कीव, आणि ‘भोळसट’ म्हटलं की संपलंच.