चिलेशन औषधे व हृदयाची सुरक्षितता : शिशाच्या विषबाधेच्या संदर्भात

कबनूरपासून जवळच असलेली हुपरी चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. पश्चिम महाराष्ट्रातील बॅटरी-निर्मिती, चांदीकाम व स्प्रे पेंटिंग या व्यवसायांतील कामगारांच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेले असल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नमूद आहे. अशा कामगारास शिसे उतरविण्याचे औषध देण्याची वेळ आल्यास ते हृदयास कितपत सुरक्षित आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

'चिलेशन' हा शब्द खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला आहे. औषधाचा रेणू धातूच्या आयनास जणू नांगीत धरतो आणि मूत्रावाटे बाहेर नेतो. तथापि ही नांगी केवळ विषारी धातूच धरते असे नाही. शिशावर वापरावयाच्या कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए या क्षारात नांगी आधीच कॅल्शियमने भरलेली असते. शिसे अधिक घट्ट बांधले जात असल्याने ते कॅल्शियमची जागा घेते. नुसत्या डायसोडियम ईडीटीएची नांगी मात्र रिकामी असते व ती रक्तातील कॅल्शियमच ओढून घेते. कॅल्शियम झपाट्याने घटल्यास हृदयाच्या विद्युत् आलेखातील क्यूटी अंतर लांबते, आकुंचन दुर्बल होते आणि हृदय बंद पडू शकते.

नावांत फरक एका शब्दाचा. परंतु २००५ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात शिशाची बाधा झालेल्या दोन वर्षांच्या मुलीस रुग्णालयातच चुकीचा क्षार दिला गेला व ती दगावली. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियात स्वमग्नतेवरील उपचार म्हणून चिलेशन घेणारा पाच वर्षांचा मुलगाही असाच मृत्युमुखी पडला. औषधाच्या कुपीवर 'कॅल्शियम' हा शब्द आहे की नाही हे दोन व्यक्तींनी स्वतंत्रपणे वाचून पाहावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

भुईमुगाच्या तेलातून स्नायूत टोचले जाणारे डायमर्कॅप्रॉल रक्तदाब व नाडीचे ठोके वाढविते. म्हणून उच्च रक्तदाबाच्या रुग्णात विशेष दक्षता हवी. तोंडाने घ्यावयाच्या सक्सिमरमुळे कॅल्शियम असे घटत नाही.

बायपासला पर्याय म्हणूनही चिलेशनची जाहिरात होते. २०१३ च्या मोठ्या चाचणीत अल्प लाभ दिसला होता. परंतु हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या मधुमेही रुग्णांवरील २०२४ च्या चाचणीत रक्तातील शिसे घटूनही हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या नाहीत.

औषधापूर्वी संपर्क तोडणे अनिवार्य आहे. शिवाय हाडांत साठलेले शिसे उपचारानंतर पुन्हा रक्तात उतरते, त्यामुळे काही आठवड्यांनी रक्ततपासणी पुन्हा करावी लागते.