केस कॉमेंट म्हणजे निकालाचा सारांश नव्हे
कायद्याच्या विद्यार्थ्याने स्वतंत्र लेखनाची सुरुवात केस कॉमेंटने (एका न्यायनिर्णयाची चिकित्सा) करावी, असे मला वाटते. मात्र अनेकदा तिच्या जागी निकालाचा सारांश लिहिला जातो. गणिताची वही तपासताना शिक्षक उत्तर उतरवून घेत नाहीत, पायऱ्या पाहतात. केस कॉमेंटचे कामही तेच. उदाहरणार्थ, २०१७ च्या पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाचा हक्क एकमताने मूलभूत मानला, पण निकालपत्रे सहा लिहिली. मग त्यातला बंधनकारक रेशिओ (निकाल ज्या तत्त्वावर उभा आहे ते) कोणता? सहाही ठिकाणची कारणे जुळतात का? खासगीपणाबाबतचे १९५४ आणि १९६२ चे जुने निकाल नेमके कुठवर रद्द ठरले? सारांशात हे प्रश्न येतच नाहीत. त्यांसाठी मूळ निकालपत्र वाचावे लागते, आणि ते सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते.